बर्गमॉटची बाटली आणि उत्तरायणाचं ऊन



‘घरातली बाटली’ या आपल्या सदरात आजवर कापूर, निलगिरी, ओव्याचा अर्क अशा जुन्या ओळखीच्या बाटल्या उघडून झाल्या. या वेळची बाटली मात्र आपल्या आजीच्या फडताळात कधी नव्हती. हल्ली दिवाळीच्या भेटीत, लग्नाच्या रिटर्न गिफ्टमध्ये, वाढदिवसाच्या हॅम्परमध्ये एक छोटासा डिफ्युजर येतो आणि सोबत दहा-दहा मिलीच्या तीन-चार बाटल्या. एकीवर लव्हेंडर, एकीवर लेमनग्रास आणि एकीवर बर्गमॉट. पहिली दोन नावं कळतात, तिसऱ्यापाशी सगळे थबकतात.

मंडळाच्या युवा गटातून याच बाटलीबद्दल दोन प्रश्न आले. पहिला: “काकू, परीक्षेच्या टेन्शनवर हे खरंच चालतं का?” दुसरा: “वास इतका छान आहे, तर परफ्यूमसारखं मानेला लावून उत्तरायणाला गच्चीवर जाऊ का?” पहिल्याचं उत्तर ‘थोडंफार’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच आजचा लेख घाईने लिहायला घेतला. संक्रांत तोंडावर आली आहे.

हे फळ कुठलं?

बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातलं फळ. आकाराने संत्र्याएवढं, कच्चं असताना हिरवं आणि पिकलं की पिवळं. रस आंबट आणि कडवट, त्यामुळे ते सोलून खाण्याचं फळ नाही. त्याची सगळी श्रीमंती सालीत.

ते मुख्यतः पिकतं इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला. नकाशात इटलीचा बूट पाहिलात तर बुटाच्या चवड्यावर कालाब्रिया हा प्रांत आहे. तिथे रेजिओ कालाब्रिया शहराच्या आसपास समुद्रालगतचा एक चिंचोळा पट्टा आहे आणि जगातल्या बर्गमॉट तेलाचा फार मोठा वाटा तिथूनच येतो. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्येही लागवड आहे, पण नाव कालाब्रियाचं. 2001 मध्ये युरोपीय संघाने ‘बर्गमोत्तो दी रेजिओ कालाब्रिया’ या तेलाला भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला जीआय मिळालं, तसाच हा प्रकार.

फळाचं घराणंही मजेशीर आहे. जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की कडू संत्रं आणि लेमन यांच्या संकरातून बर्गमॉट झालं. ते लेमन स्वतः कडू संत्रं आणि म्हाळुंग यांचं अपत्य. आणि कडू संत्रं हे पपनस आणि संत्र्याच्या कुळातलं. म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे म्हाळुंग आहे, ते नात्याने बर्गमॉटचं आजोबा लागतं! फळ परदेशी असलं तरी पणजोळ आपल्या ओळखीचं आहे.

तेल निघतं कसं?

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फळं उतरवतात. संत्र्याची साल दुमडली की डोळ्यात चिरकांडी उडते ना, तेच हे तेल. सालीत बारीक पिशव्या असतात, त्या फोडल्या की ते बाहेर येतं. पूर्वी कालाब्रियातले कारागीर साल हाताने समुद्री स्पंजावर दाबत आणि स्पंज तेलाने भरला की भांड्यात पिळून घेत. 1844 मध्ये तिथल्याच निकोला बारिला यांनी यासाठी यंत्र काढलं आणि काम पुष्कळ सोपं झालं. साधारण 200 किलो फळांमागे 1 किलो तेल मिळतं. हा हिशेब लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

आणखी एक मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गुलाब, लव्हेंडर, लेमनग्रास यांची तेलं वाफेवर काढतात. वाफेबरोबर फक्त उडून जाणारे हलके घटक वर येतात, जड घटक मागे राहतात. बर्गमॉट मात्र सहसा दाबून काढतात. त्यामुळे सालीतले जड घटकही तेलात उतरतात. त्यातला एक म्हणजे बर्गाप्टेन. आजच्या गोष्टीतला खोडकर तोच.

अत्तरापासून चहापर्यंत

या तेलाने जग जिंकलं ते वासाच्या जोरावर. लिंबाचा ताजेपणा, थोडा फुलांचा गोडवा आणि शेवटी चहासारखा हलका कडवटपणा, असं तिन्ही त्यात आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फरीना या इटालियन माणसाने 1709 च्या सुमारास एक सुगंधी पाणी तयार केलं आणि शहराच्या नावावरून त्याला ‘ओ द कोलोन’ म्हणू लागले. आजारी माणसाच्या कपाळावर आपल्याकडे ज्याच्या पट्ट्या ठेवत, त्या कोलनवॉटरचं हे मूळ. त्याच्या सुगंधात बर्गमॉट महत्त्वाचं होतं, आणि आजही कितीतरी परफ्यूममध्ये नाकाला पहिल्यांदा जाणवतो तो ताजा वास बर्गमॉटचा असतो.

दुसरी ओळख चहाची. अर्ल ग्रे चहाला जो वेगळा गंध येतो तो बर्गमॉटचा. 1830 ते 1834 या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांना एका चिनी अधिकाऱ्याने ही कृती दिली अशी गोष्ट सांगतात, पण ग्रे साहेब कधी चीनला गेलेच नव्हते. गोष्ट बाजूला ठेवा, चहा छान लागतो. दूध न घालता प्या.

चहाचाच एक किस्सा वैद्यकीय नोंदीतला आहे. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ऑस्ट्रियातल्या एका 44 वर्षांच्या माणसाची हकिकत छापून आली. तो दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे प्यायचा. त्याच्या स्नायूंत गोळे येऊ लागले, नजर धूसर झाली. साध्या चहावर परत गेल्यावर त्रास थांबला. लिहिणाऱ्या डॉक्टरांचा संशय बर्गाप्टेनवर होता. आता, दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्याने घाबरायचं काही कारण नाही. पण ‘नैसर्गिक आहे, मग कितीही घ्या’ या म्हणण्यात किती दम आहे, ते यावरून कळतं.

टेन्शनवर चालतं का?

अरोमाथेरपी हा शब्द रने-मॉरिस गात्फॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा. 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात तो भाजला आणि जखमांवर त्याने लव्हेंडरचं तेल वापरलं. पुढे 1937 मध्ये त्याने याच नावाचं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून सुगंधी तेलांचा मनावर आणि शरीरावर काय परिणाम होतो, यावर बरंच लिहिलं आणि विकलं गेलं आहे.

बर्गमॉटच्या तेलात लिमोनिन, लिनालिल ॲसिटेट आणि लिनालूल हे मुख्य घटक असतात. यातले शेवटचे दोन लव्हेंडरमध्येही आहेत. हा वास घेतल्यावर काही लोकांना थोड्या वेळापुरतं शांत वाटलं, अस्वस्थता कमी झाली, असं दाखवणारे अभ्यास झाले आहेत. मात्र त्यातले बहुतेक लहान आहेत, आणि त्यांत एक अडचण कायम राहते. औषधाच्या चाचणीत एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला साखरेची गोळी देता येते, कोणाला काय दिलं ते कळत नाही. सुगंधाचं तसं करता येत नाही, वास आला की माणसाला समजतंच. मग शांत वाटलं ते तेलामुळे, की दिवे मंद करून दहा मिनिटं स्वस्थ बसल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड.

मला विचाराल तर अभ्यासाच्या टेबलापाशी अर्धा तास डिफ्युजर लावायला काहीच हरकत नाही. रोज त्याच वेळी, त्याच वासात बसलं की मनालाही सवय लागते. आजोबा उदबत्ती लावून पोथी वाचायला बसत, त्यातला हा भाग खराच आहे. पण रात्र रात्र झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही असं दोन आठवडे चाललं असेल, तर बाटलीचं झाकण उघडत बसू नका. आई-बाबांशी बोला, डॉक्टरांकडे जा. आणि आई-बाबांनो, मुलगा किंवा मुलगी हे बोलायला आली तर तिच्या हातात डिफ्युजर देऊन तो विषय संपवू नका.

आता उन्हाची गोष्ट

बर्गाप्टेनला अंधाराचं वावडं नाही, वावडं आहे उन्हाचं. तेल त्वचेवर लावलं की बर्गाप्टेन पेशींमध्ये शिरतं. घरात, सावलीत असाल तर काही होत नाही. पण त्या त्वचेवर उन्हातले यूव्हीए किरण पडले की बर्गाप्टेन पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि पेशीला इजा करतं. लगेच काही दिसत नाही, हाच त्यातला धोका. एक-दोन दिवसांनी त्या जागी आग होते, लाली येते, कधी पाण्याने भरलेले फोड येतात. ते बरे झाले की मागे तपकिरी डाग राहतो आणि तो जायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी एखाद्यालाच होते. इथे पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन एकत्र आलं की कोणालाही, अगदी पहिल्याच वेळी हे होऊ शकतं. म्हणूनच हाताच्या आतल्या बाजूला थेंब लावून, चोवीस तास वाट बघून ‘मला चालतं’ असं ठरवण्याचा नेहमीचा उपाय इथे अपुरा पडतो. तो थेंब घरातच बसलेला असतो, त्याने ऊन पाहिलेलंच नसतं.

युरोपातल्या डॉक्टरांना हे शंभर वर्षांपूर्वी लक्षात आलं. कोलोन लावून उन्हात गेलेल्या लोकांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे तपकिरी डाग उमटत. 1916 मध्ये फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं. गळ्यातल्या लोलकासारखा आकार, म्हणून लोलकाच्या फ्रेंच शब्दावरून या विकाराला ‘बर्लोक डर्मटायटिस’ असं नाव पडलं.

आपल्याकडेही ही विद्या अनोळखी नाही. आयुर्वेदात कोडावर बावची वापरतात. बावचीत बर्गाप्टेनच्याच कुळातलं सोरालेन असतं, आणि सोरालेन हे नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरूनच आलं आहे. उन्हाने त्वचेचा रंग वाढतो, तोच गुण तिथे कामी येतो. आजचे त्वचारोगतज्ज्ञ सोरालेन आणि यूव्हीए किरण एकत्र वापरून ‘पुव्हा’ नावाचा उपचार करतात, पण किरणांची मात्रा मोजून आणि डोळे झाकून. जे दवाखान्यात मोजून करतात, ते गच्चीवर न मोजता करू नये, एवढंच म्हणणं आहे.

आता उत्तरायणाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातला गच्ची गाठायची, मान वर करून पतंग बघायचा, उंधियू आणि जलेबीसुद्धा गच्चीवरच, ते थेट संध्याकाळी तुक्कल सोडेपर्यंत. जानेवारीचं ऊन कोवळं वाटतं, अंगाला बरं वाटतं. पण थंडीत यूव्हीए किरण संपत नाहीत, आणि आपण उन्हात राहतो ते सात-आठ तास. त्यात मान, गळा, कानामागची जागा उघडी. परफ्यूम लावायच्या जागा नेमक्या याच. म्हणून त्या दिवशी, आणि आदल्या रात्रीही, बर्गमॉटचं तेल त्वचेला लावू नका. यूव्हीए काचेतूनही येतात, तेव्हा गाडीत खिडकीशी बसलो म्हणजे सुटलो असं नाही.

बाजारातल्या नेहमीच्या परफ्यूमना फार घाबरू नका. त्यांत बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल किंवा अगदी कमी मात्रा वापरण्याचे नियम आता आहेत. धोका आहे तो बाटलीतलं निव्वळ तेल थेट लावण्यात. आणि जाता जाता, चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात बसायचा जो उपाय मोबाइलवर फिरतो, तोही याच कारणासाठी वाईट. कागदी लिंबाच्या सालीतही हेच कूळ नांदतं.

वापरायचं तर असं

डिफ्युजरमध्ये: पाण्यात तीन-चार थेंब, खोली हवेशीर, अर्धा तास पुरे. रात्रभर चालू ठेवू नका.

मालिशसाठी: निव्वळ तेल कधीच लावू नका. सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, उन्हात येणाऱ्या त्वचेवर राहणाऱ्या मिश्रणात बर्गमॉटचं प्रमाण 0.4 टक्क्यांच्या वर नको. घरच्या हिशेबात 30 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात जेमतेम दोन थेंब. त्याहून जास्त प्रमाण झालं असेल तर ती त्वचा पुढचे अठरा तास तरी उन्हापासून झाकून ठेवा.

आंघोळीच्या पाण्यात: थेट थेंब टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि जसंच्या तसं अंगाला लागतं.

पोटात: अजिबात नाही. चहात स्वतः थेंब टाकून ‘घरचा अर्ल ग्रे’ करण्याचा प्रयोगही नको. बर्गमॉटमध्ये बर्गामॉटिन नावाचा घटक आहे. तो ग्रेपफ्रूटमध्येही असतो, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं डॉक्टर सांगतात, त्यामागे असेच घटक आहेत. घरात आजी-आजोबांच्या गोळ्या चालू असतात, तेव्हा हे विसरू नका.

चुकून लावून उन्हात गेलात तर साबणाने धुवा, सावलीत या, ती जागा दोन दिवस झाकून ठेवा. आग होऊ लागली तर गार पाण्याची घडी ठेवा. टूथपेस्ट, हळद, लिंबू काहीही लावू नका. फोड आले तर ते फोडू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कोणी जपायचं?

घरात रांगतं बाळ असेल तर या बाटल्या वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून. मुलाने तेल गिळलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. दमा असलेल्यांना कोणत्याही तीव्र वासाने त्रास वाढू शकतो, तेव्हा डिफ्युजर लावण्यापूर्वी घरातल्यांना विचारा. गरोदर असाल किंवा कसली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मांजर पाळलं असेल तर विशेष जपा. मांजराच्या यकृताला हे घटक नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगावर पडलेलं तेल ते चाटून पोटात घेतं.

खरेदी करताना

200 किलो फळांचं एक किलो तेल, हे आठवतं ना? मग शंभर रुपयांत मोठी बाटली मिळत असेल तर आत काय असेल, याचा विचार करा. लेबलवर ‘सिट्रस बर्गॅमिया’ हे शास्त्रीय नाव हवं. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर तो बनावट सुगंध, खोलीपुरता ठीक. ‘कोल्ड प्रेस्ड’ म्हणजे दाबून काढलेलं, बर्गाप्टेनसकट. ‘एफसीएफ’ किंवा ‘बर्गाप्टेन-फ्री’ लिहिलं असेल तर तो घटक काढलेला आहे. त्वचेसाठी घ्यायचं तर हेच घ्या, आणि तेही पातळ करूनच वापरा. काही बाटल्यांवर ‘वाइल्ड बर्गमॉट’ असतं, ती मोनार्डा नावाची अमेरिकी वनस्पती, वासाच्या साम्यावरून हे नाव पडलेलं.

तेल गडद रंगाच्या काचेत, थंड जागी ठेवा, फ्रिजमध्ये ठेवलंत तर उत्तम. लिंबाच्या कुळातली तेलं हवा लागून लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या तेलाने त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. वर्ष उलटलं की ते त्वचेला लावू नका.

वास हवा पण उन्हाची काळजी नको, अशांसाठी एक सोपा पर्याय आहे: गोड संत्र्याचं तेल. त्यात हा उन्हाचा दोष नाही, किंमत कमी, आणि वासही प्रसन्न. तेही पातळ करूनच लावायचं, हे सांगायला नको.

उत्तरायणाला गच्चीवर भेटूच. मानेला ओढणी किंवा रुमाल, डोळ्यांवर गॉगल, बोटांना चिकटपट्टी आणि खिशात तिळाचा लाडू. बर्गमॉटची बाटली त्या दिवशी कपाटात राहू द्या. रात्री पतंग उतरल्यावर, हातपाय धुऊन, दमून बसाल तेव्हा डिफ्युजरमध्ये तीन थेंब टाका.

पुढच्या महिन्यात आपल्या ओळखीचं वाळा. तोवर तिळगूळ घ्या, गोड बोला!